साठ मिनिटांचा झेंडा

"माझ्यामागे जो धावेल, तो बरोबर साठ मिनिटांत पोचेल! एकोणसाठ पन्नासला नाही, साठ दहाला नाही. साठ म्हणजे साठ!"

वजनमापे निरीक्षकांनी हे वाक्य त्या आठवड्यात किती वेळा म्हटलं, याचा हिशेब त्यांच्या बायकोने सोळापर्यंत ठेवला आणि मग नाद सोडला. तिला टपाल कचेरीत काउंटरवर बसून दिवसभर लोकांचं ऐकायची सवय होती, पण तिथे निदान माणसं बदलत तरी.

निरीक्षकांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. बावीस वर्षं ते दुकानादुकानांतली वजनं, काटे आणि मापं तपासत आले होते. कोणी किलोच्या वजनाला खालून भोक पाडून चिमूटभर शिसं काढलं असेल, तर ते वजन नुसतं तळहातावर घेऊन ते म्हणत, "हलकं आहे." दुकानदाराचा चेहरा तेवढ्यानेच पडायचा. घरातली तिन्ही घड्याळं त्यांनी अशी जुळवली होती की बारा वाजले की ती एकदमच ठोके द्यायची आणि पाहुणे दचकून उभे राहायचे.

असा माणूस चव्वेचाळिसाव्या वर्षी धावायला लागला तो डॉक्टरांच्या धाकाने. पहिल्या शर्यतीत त्यांनी छातीवरचा नंबर पाठीवर लावला, त्यामुळे फोटोवाल्याकडे त्यांचा एकही फोटो निघाला नाही. दुसऱ्या शर्यतीला ते नवे कोरे बूट घालून गेले आणि शेवटचे दोन किलोमीटर बूट हातात घेऊन धावले. तिसऱ्या वेळी शेवटच्या वळणावर कोणीतरी "शाब्बास!" म्हणून ओरडलं. निरीक्षकांनी हसून मागे वळून हात केला आणि ते थेट विजेच्या खांबाला जाऊन भेटले. शाबासकी मागून येणाऱ्या बाईंसाठी होती.

पण त्यानंतर त्यांचं जे बस्तान बसलं, ते बसलंच! पुढच्या सात शर्यतींत त्यांची दहा किलोमीटरची वेळ एकच, अठ्ठावन्न मिनिटं. कधी चार सेकंद इकडे, कधी चार तिकडे. शर्यत वर्षातून तीनदा आणि दर वेळी त्याच रस्त्याने व्हायची, कारण ती भरवणारे सायकल दुकानवाले दुसरा रस्ता शोधायच्या भानगडीत कधी पडलेच नव्हते.

हेच दुकानवाले एके संध्याकाळी निरीक्षकांच्या कचेरीत आले.

"साहेब, या वेळी आपण पेसर ठेवतोय. म्हणजे कसं, पाठीला झेंडा लावायचा, झेंड्यावर साठ, पासष्ट, सत्तर अशी वेळ लिहायची आणि बरोबर त्या वेळेत पोचायचं. ज्याला साठ मिनिटांत यायचंय त्याने साठच्या झेंड्यामागे धावायचं. घड्याळ बघायला नको, डोकं चालवायला नको!"

"मग पासष्टला कोण आहे?"

"बँकेतले कॅशियर. साठला मात्र तुमच्याशिवाय दुसरं नावच सुचेना."

निरीक्षकांनी दोन सेकंद विचार केल्यासारखं केलं. खरं तर एवढीही गरज नव्हती.

तयारी जोरात सुरू झाली. सहा मिनिटांना एक किलोमीटर या हिशेबाने त्यांनी कागद केला, तो पाठ केला, बायकोला पाठ म्हणून दाखवला. शर्यतीच्या आदल्या दिवशी हेडक्लार्क म्हणाले, "साहेब, धावणाऱ्याने आदल्या दिवशी चार लिटर पाणी प्यायला हवं. माझ्या मेव्हण्याने वाचलंय कुठेतरी."

दुसरा कोणी असता तर अंदाजाने प्यायला असता. निरीक्षकांनी कचेरीतलं प्रमाणित एक लिटरचं माप काढलं आणि काठोकाठ भरून चार वेळा रिकामं केलं. सकाळी वर दोन कप कॉफी.

"अहो, इतकं पाणी पिऊन धावायचंय तुम्हाला, का पोहायचंय?" बायकोने विचारलं.

"हे शास्त्र आहे गं!"

सकाळी साडेसहाला मैदानावर निरीक्षक झेंडा लावून उभे राहिले. पाठीला दप्तरासारखे पट्टे, त्यात खोचलेली वेताची काठी आणि डोक्याच्या दोन हात वर पिवळा झेंडा, त्यावर ठळक "६०". त्यांच्याभोवती तेवीस माणसं जमली. त्यात एक फ्रिज दुरुस्त करणारे होते, आकाराने साधारण त्यांच्या धंद्यातल्या वस्तूइतकेच. अगदी झेंड्याखाली येऊन उभ्या राहिल्या त्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर.

"साहेब, मी तुमच्या पावलावर पाऊल टाकणार," सिस्टर म्हणाल्या. "गेल्या वर्षी साठ मिनिटं एकवीस सेकंद. त्यानंतर साठ चौदा. मागच्या वेळी साठ आठ! वॉर्डमधले लोक मला आता 'साठ-आठ' म्हणूनच हाक मारतात. पुढच्या महिन्यात पन्नाशी लागतेय मला. त्याआधी एकदा, फक्त एकदा, पाचाने सुरू होणारा आकडा बघायचाय."

"बघालच!" निरीक्षक म्हणाले. "माझ्या मागून हलू नका म्हणजे झालं."

शिट्टी वाजली. पहिला किलोमीटर सहा मिनिटं शून्य सेकंद. दुसरा सहा मिनिटं शून्य सेकंद! मागून कौतुकाचा गलका झाला. "अहो, हे माणूस आहेत की यंत्र!" फ्रिजवाले म्हणाले.

आणि नेमकी तिथेच यंत्राला पहिली सूचना मिळाली. ओटीपोटातून. नम्र होती, दखल घेण्यासारखी नव्हती.

तिसऱ्या किलोमीटरला स्मरणपत्र आलं.

चौथ्याला अंतिम नोटीस! निरीक्षकांना आता समोरचा रस्ता दिसेना, काठोकाठ भरलेलं लिटरचं माप दिसायला लागलं. चार वेळा! पाचव्या किलोमीटरला दोन फिरती शौचालयं ठेवल्याचं त्यांना आठवत होतं, त्या आशेवर त्यांनी दात आवळले. शौचालयं होती, जागच्या जागी होती, आणि प्रत्येकापुढे सात-सात माणसं रांगेत उभी होती. म्हणजे चार लिटरचं शास्त्र वाचलेला मेव्हणा एकच नव्हता तर!

पण निरीक्षक हिशेबी माणूस. चौथ्यापासूनच त्यांनी मनात गणित मांडलं होतं. जरा भरभर धावायचं, एक मिनिट शिल्लक टाकायचं, कुठेतरी आडोसा बघून ते मिनिट खर्च करायचं आणि परत गटात यायचं. कोणाला कळणारही नाही!

चौथ्यापासूनच थोडा वाढवलेला वेग त्यांनी आता आणखी वाढवला. मागच्या तेवीस जणांचे भाते फुलले.

"साहेब, वेग बरोबर आहे ना?" सिस्टरनी धापा टाकत विचारलं.

"बरोबर आहे!"

"जरा जास्त वाटतोय."

"उतार आहे!"

उतार नव्हता, चढ होता. बावीस वर्षांत निरीक्षकांनी पहिल्यांदाच खोटं माप दिलं होतं आणि तेही सरकारी नोकरीतल्या बाईंना. पण ती वेळ लाज वाटण्याची नव्हती, घाईची होती.

सहाव्या किलोमीटरला घड्याळ पस्तीस मिनिटं दाखवत होतं. शिल्लक बरोबर एक मिनिट! समोर पाण्याच्या टाकीचा कोपरा, तिथे रस्ता सरळ कालव्याच्या पुलाकडे जायचा, पूल ओलांडून पलीकडच्या काठाने थोडं जाऊन दुसऱ्या पुलावरून परत अलीकडे. कोपऱ्यावर डावीकडे एक बंगली, फाटक सताड उघडं. निरीक्षकांनी "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच!" अशा अर्थाने डोक्यावरून हात हलवला आणि डावीकडे सूर मारला.

आता, पुढच्या माणसाने डोक्यावरून हात हलवला की मागच्याला त्याचा काय अर्थ दिसतो? "या, या!" असाच दिसतो. शिवाय पाठीवर झेंडा होता आणि झेंड्यामागे जायचं, डोकं चालवायचं नाही, असं सकाळीच लाउडस्पीकरवरून तीनदा सांगितलं होतं. तेवीसच्या तेवीस डावीकडे वळले.

बागेत एक आजोबा पाइपने झाडांना पाणी घालत होते. वाहत्या पाण्याचा तो आवाज ऐकून निरीक्षकांचा उरलासुरला धीर सुटला.

"काका! बाथरूम!"

"आत, उजव्या हाताला. पण आपण कोण—"

निरीक्षक दारात शिरले आणि धनुष्यासारखे मागे आले. काठी चौकटीत अडकली होती! ते पुन्हा शिरले, काठीने पुन्हा मागे ओढलं. हात मागे नेऊन पट्टे सोडवायला बघतात तर गाठ सापडेना.

"सरळ उभे राहा. हलू नका. काही होत नाही," मागून शांत आवाज आला. इंजेक्शन देताना बोलतात अगदी त्याच सुरात सिस्टर बोलत होत्या. दोन सेकंदांत पट्टे सुटले. सिस्टर झेंडा हातात धरून अंगणात उभ्या राहिल्या आणि निरीक्षक आत दिसेनासे झाले.

त्यांना वाटलं, सुटलो. पण बाहेर तेवीस माणसं होती. धावणारा माणूस थांबला की पाय आखडतात, म्हणून सगळे झेंड्याभोवती जागच्या जागी धावत होते, आणि फ्रिजवाले बाथरूमच्या दाराशी उभे राहून मोठ्याने वेळ सांगत होते.

"साहेब, चाळीस सेकंद!"

"येतोय!"

"एक मिनिट!"

"अहो, येतोय!"

"एक मिनिट दहा! साहेब, शिल्लक संपली!"

दाराबाहेर कोणी सेकंद मोजत असलं की हे काम लवकर उरकत नाही, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. त्यात चार लिटर म्हणजे प्रमाणित चार लिटर!

तेवढ्यात घरातून आजी बाहेर आल्या. अंगणभर नाचणारी माणसं बघून त्या आजोबांना म्हणाल्या, "अहो, इतके पाहुणे येणार होते तर आधी सांगायचं नाही का? बसायला सतरंजी तरी घातली असती!"

"मलाच कुठे माहीत होतं!" आजोबा म्हणाले.

इकडे रस्त्यावर पासष्टचा झेंडा कोपऱ्याशी पोचला. खरं तर तो इतक्यात यायचा नव्हता. पण साठचा झेंडा एकदम पळायला लागलेला बघून कॅशियर घाबरले होते आणि त्यांनीही आपल्या चाळीस माणसांना दामटलं होतं. कोपऱ्यावर रस्ता दाखवायला उभे असलेले चित्रकलेचे मास्तर गोंधळून गेले होते. साठचा झेंडा फाटकातून आत गेलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. रस्ता बदलला असेल आणि आपल्याला कळवायचं राहिलं असेल, असा त्यांनी समज करून घेतला. मास्तरांनी डावीकडे हात केला, "इकडून! इकडून!" आणि चाळीस माणसं, पाठोपाठ सत्तरवाले, मग झेंड्याशिवायचे सुटे असा सगळा लोंढा बागेत घुसला!

निरीक्षक हात पुसत बाहेर आले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन मिनिटं गेली होती. फाटकातून माघारी जायची सोय उरली नव्हती, तिथून अजून माणसं येतच होती.

"मागचं दार उघडतो!" आजोबांनी पाइप टाकला आणि धावत जाऊन मागचं लोखंडी फाटक उघडलं. "हे थेट कालव्याच्या रस्त्यावर निघतं! तुम्हाला तोच हवाय ना?"

लोंढा मागच्या फाटकातून बाहेर पडला. सिस्टरनी धावता धावताच झेंडा निरीक्षकांच्या पाठीवर चढवला. आजोबा आनंदाने ओरडले, "दोन्ही पूल वाचले तुमचे! आठशे मीटर! बरोबर आठशे! तीस वर्षं मोजणी खात्यात होतो मी, हा पट्टा माझ्याच हातांनी मोजलेला आहे!"

निरीक्षक अडखळले. या वेळी काठीमुळे नाही.

आठशे मीटर कमी! दहा किलो सांगून नऊ किलो दोनशे ग्रॅम हातावर ठेवण्यासारखंच हे! याच गुन्ह्यासाठी त्यांनी आजवर किती दुकानांना सील ठोकलं होतं! ते धावत होते, पण त्यांना आपल्या पाठीवर झेंडा नसून भोक पाडलेलं वजन लटकवलंय असं वाटत होतं.

मैदानाच्या अलीकडे एक वाटोळा चौक होता. तिथून शेवटची कमान दिसायची, लाउडस्पीकर ऐकू यायचा. चौकाशी घड्याळाने पंचावन्न मिनिटं दाखवली.

"साहेब!" फ्रिजवाले आनंदाने किंचाळले. "आपण छप्पन्नात पोचतोय!"

निरीक्षक थांबले नाहीत, पण बोलले. "ते छप्पन्न खोटे आहेत. आपण आठशे मीटर कमी धावलोय. चूक माझी आहे. या चौकाला एक फेरी म्हणजे शंभर मीटर. ज्यांना सरळ जायचंय त्यांनी जा. मी आठ फेऱ्या मारणार."

कमान समोर होती. सिस्टरनी कमानीकडे पाहिलं, निरीक्षकांकडे पाहिलं.

"खोट्या छप्पन्नाचं मी काय करू?" त्या म्हणाल्या. "चला. पण भरभर!"

त्या चौकाला वळल्या. मग फ्रिजवाले वळले, आणि एकेक करत बाकीचेही वळले.

पुढची पाच मिनिटं त्या चौकात जे चाललं होतं, त्याचा अर्थ बघणाऱ्या कोणालाच लागला नाही. साठचा झेंडा गोल गोल फिरतोय, मागे तेवीस माणसं गोल गोल फिरताहेत, आणि वाहतूक पोलीस मधोमध उभा राहून शिट्टी फुंकत त्यांच्याबरोबर स्वतःभोवती फिरतोय! बाजूने पासष्टचा झेंडा सुसाट गेला. कॅशियरनी हात हलवून विचारलं, "काही हरवलंय का?"

"आठशे मीटर!" फ्रिजवाले ओरडले.

कॅशियरना ते काही कळलं नाही. ते कमानीतून आत गेले तेव्हा साठ मिनिटं अजून व्हायची होती. त्यांची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. लाउडस्पीकरवरचा निवेदक चक्रावला. "पासष्ट मिनिटांचा गट साठच्या आत पोचलेला आहे! साठ मिनिटांचा गट चौकात प्रदक्षिणा घालत आहे! कारण अद्याप समजलेलं नाही!" आणि तिकडे पुलावर चारशे ग्लास पाणी भरून बसलेल्या दोन मावशी रस्त्याकडे बघत होत्या. बराच वेळ तिथे एक कुत्रं सोडून कोणी फिरकलं नव्हतं.

पाचव्या फेरीनंतर सिस्टर निरीक्षकांच्या पुढे गेल्या. आठवी फेरी संपताच त्यांनी कमानीकडे जी धाव घेतली, ती पाहून निवेदकाने माइक सोडून टाळ्या वाजवल्या. सिस्टर कमानीतून गेल्या. वरच्या घड्याळावर आकडा होता, साठ मिनिटं अकरा सेकंद.

त्या गवतावर बसल्या. निरीक्षक मागून येऊन समोर उभे राहिले.

"त्या दोन मिनिटांमुळे..." ते म्हणाले. "माझ्यामुळे..."

"अहो साहेब, तुंबलेलं मोकळं झालं ना? आमच्याकडे त्याला चांगली बातमी म्हणतात," सिस्टर म्हणाल्या आणि हसल्या. पण बुटाची नाडी सोडताना त्यांनी डोळे पुसले, ते निरीक्षकांच्या नजरेतून सुटलं नाही.

घरी बायकोने त्यांना बोलायला काही शिल्लक ठेवलं नाही. ती एकच वाक्य बोलली, "शास्त्र हो, शास्त्र!"

सोमवारी निरीक्षकांनी रजा टाकली, मोजणीवाल्या आजोबांना गाठलं आणि दोघं लांब दांड्याचं मोजणीचं चाक घेऊन शर्यतीच्या वाटेवर निघाले. पाठीमागच्या फाटकाने किती अंतर वाचतं याची नोंद करायची आणि सायकल दुकानवाल्यांना लेखी माफीनामा द्यायचा, एवढाच बेत होता. आठशे मीटर बरोबर निघाले. आजोबा खूश झाले. "आता आलोच आहोत तर सगळंच मोजून टाकू," ते म्हणाले. त्यांना घरी दुसरं काम नव्हतं.

संध्याकाळी मैदानावरच्या कमानीच्या जागी चाक थांबलं. आजोबांनी आकडा वाचला. निरीक्षकांनी वाचला. दोघांनी चाक उचलून त्याच्या खाली काही अडकलंय का बघितलं. मंगळवारी त्यांनी सगळा रस्ता उलटीकडून मोजला. आकडा तोच आला.

बुधवारी निरीक्षक सायकलच्या दुकानात गेले.

"तुमची दहा किलोमीटरची शर्यत नऊ किलोमीटर सहाशे दहा मीटर आहे."

दुकानवाल्यांनी हातातलं चाक खाली ठेवलं. "असं कसं? मी स्वतः मोजलीय!"

"कशाने?"

"स्कूटरच्या मीटरवर."

"स्कूटर कुठाय?"

"विकली. मीटर जरा पुढेच पळायचं तिचं..."

निरीक्षक दुकानाबाहेरच्या बाकावर बसले. त्यांनी खिशातून पेन काढून तळहातावरच गणित केलं. नऊ किलोमीटर सहाशे दहाला अठ्ठावन्न मिनिटं, म्हणजे दहाला साठ मिनिटं एकवीस सेकंद. पुन्हा केलं. पुन्हा तेच! सात शर्यतींत एकदाही, एकदाही ते साठच्या आत पोचले नव्हते. साठचा झेंडा त्यांच्या पाठीला बांधणं म्हणजे मापात नसलेल्या वजनावर शिक्का मारणं होतं, आणि शिक्का मारणारेही तेच होते.

हे सगळं सिस्टरना सांगणं भाग होतं. गुरुवारी ते दवाखान्यात जाऊन बाहेरच्या बाकावर बसले. सिस्टर आल्या.

"कुठे दुखतंय?"

"दुखत नाहीये. एक वाईट बातमी आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. सिस्टर हातात थर्मामीटर धरून उभ्या राहिल्या.

"म्हणजे माझे साठ आठ..."

"खोटे."

"आणि साठ चौदा? साठ एकवीस?"

"सगळे खोटे. खरी वेळ याहून दोन-अडीच मिनिटांनी जास्त. पण," निरीक्षक घाईघाईने म्हणाले, "रविवारचा हिशेब मी केलाय! माझ्यामुळे गेलेली दोन मिनिटं वजा केली, तर खऱ्या दहाला तुमचे साठ मिनिटं तेहतीस सेकंद होतात. म्हणजे तुम्ही चांगल्याच सुधारलात!"

सिस्टरनी थर्मामीटर झटकला. जरा जास्तच जोरात झटकला. "पन्नाशीला चार आठवडे उरलेत," त्या म्हणाल्या. "खरे दहा किलोमीटर कुठे मिळतील?"

"मी मोजून देतो."

"आणि पुढे धावणार कोण?"

निरीक्षक बाकावरून उठले. "मी."

"साठच्या आत कधी पोचला आहात?"

"नाही. अजून नाही."

"बरं झालं," सिस्टर म्हणाल्या. "दोघं एकाच रांगेत आहोत."

चार आठवडे दोघं दिवसाआड पहाटे कालव्याच्या रस्त्यावर भेटले. सिस्टर रात्रपाळी करून थेट यायच्या आणि तरी पुढे असायच्या. निरीक्षक एक ग्लास पाणी पिऊन यायचे, एकच. आजोबांनी मोजणीची जुनी साखळी काढून कालव्याच्या काठाने पाच किलोमीटर मोजले, दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारली. पाच जायचं, पाच यायचं. त्यांनी ते अंतर तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा निरीक्षकांकडून सही घेतली.

पन्नाशीच्या आधीच्या शेवटच्या रविवारी झेंडा नव्हता, लाउडस्पीकर नव्हता, कमान नव्हती. निघायच्या टोकाशी, चुन्याच्या रेघेजवळ खुर्ची टाकून निरीक्षकांची बायको बसली होती, कारण एका तटस्थ साक्षीदाराची गरज आहे असं निरीक्षकांचं मत पडलं होतं. आजोबा पाच किलोमीटरच्या टोकाला उभे होते. वेळ मोजायचं काम अर्थातच निरीक्षकांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे. ते त्यांनी आदल्या दिवशी कचेरीत तपासून घेतलं होतं.

दोघं निघाले. पाच किलोमीटरला एकोणतीस मिनिटं पन्नास. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. सहाव्याला निरीक्षक अर्धं पाऊल पुढे होते. सातव्याला दोघं बरोबरीने. आठव्याला निरीक्षकांच्या छातीतून एखाद्या जुन्या दरवाजासारखा आवाज यायला लागला.

"साहेब, वेग बरोबर आहे ना?" सिस्टरनी विचारलं.

निरीक्षकांच्या तोंडात "बरोबर आहे" आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"नाही. मी मंदावतोय. माझ्यामागे राहू नका! जा तुम्ही!"

"आणि तुम्ही?"

"जा म्हणतो ना!"

त्यांनी डोक्यावरून हात हलवला. या वेळी त्याचा अर्थ बरोबर लागला. सिस्टर सुटल्या. पांढरे बूट लांब लांब होत गेले, मग ठिपका झाला, मग वळणाआड गेला. निरीक्षकांना एकीकडे बरं वाटलं आणि त्याच वेळी डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

घड्याळ आपल्या मनगटावर आहे!

सिस्टर रेघ ओलांडतील तेव्हा वेळ बघणार कोण? बायकोकडे खुर्ची होती, छत्री होती, थर्मासही होता. घड्याळ काही नव्हतं! साक्षीदाराला ते लागेल हे निरीक्षकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. चार आठवड्यांची ती मेहनत, ती रात्रपाळी करून गाठलेली पहाट, सगळं पुन्हा त्यांच्याच पायी पाण्यात! ते जीव तोडून पळाले. "थांबा!" म्हणून ओरडावंसं वाटलं, पण थांबवून तरी काय करणार? घड्याळ काढून फेकलं असतं तरी ते दीड किलोमीटर गेलं नसतं.

वळण आलं. पुढे सरळ रस्ता. दूरवर खुर्ची, छत्री आणि छत्रीशेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या सिस्टर. त्या केव्हाच पोचल्या होत्या.

निरीक्षकांनी रेघ ओलांडली आणि तसेच गवतावर कोसळले. "सिस्टर... माफ करा... घड्याळ... माझ्याकडे..."

"आधी श्वास घ्या," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांचं मनगट धरून नाडी बघायला लागल्या. दुसऱ्या हाताने त्यांनी छातीशी उलटं टाचलेलं एक छोटं घड्याळ वर केलं. वॉर्डात नाडी मोजायला वापरतात ते. सेकंदकाटा टुकटुक चालला होता.

"एकोणसाठ मिनिटं अडतीस सेकंद," त्या म्हणाल्या. "निघताना मीही बघून ठेवलं होतं. तुमच्या यंत्राचा मला एकदा अनुभव आलाय ना!"

निरीक्षक उठून बसले. त्यांचा चेहरा लालबुंद होता आणि त्यावर हसू पसरलं होतं. "पाचाने सुरू होणारा आकडा!"

"पाचाने सुरू होणारा आकडा!" सिस्टर म्हणाल्या आणि या वेळी त्यांनी डोळे लपवून पुसले नाहीत.

निरीक्षकांनी ते छोटं घड्याळ हातात घेतलं, कानाशी नेलं. सवयच ती. "हे शेवटचं कधी तपासलंय?"

सिस्टर आणि बायको, दोघींनी त्यांच्याकडे एकदमच पाहिलं.

"नाही, सहज विचारलं," निरीक्षक म्हणाले. "बरोबरच असणार."

बायकोने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून सिस्टरना दिली. मग पर्समधून टपालाचा एक कोरा फॉर्म काढला आणि त्याच्या पाठीमागे ठळक अक्षरांत लिहिलं, सिस्टर, एकोणसाठ अडतीस. खाली साक्षीदार म्हणून सही केली. निरीक्षक समाधानाने बघत होते. ती अजून लिहीतच होती.

"आता काय लिहितेस?"

"तुमचं. सिस्टरनी सांगितलं मला, त्यांनी बघितलं होतं. एकसष्ट मिनिटं सात सेकंद."

"अगं, त्याची काय गरज आहे? आजचा दिवस सिस्टरांचा!"

"सात की आठ हो, सिस्टर?" बायकोने विचारलं.

सिस्टरनी काटा डोळ्यांजवळ नेऊन नीट आठवलं. "आठ."

बायकोने सातावर काट मारून आठ केले आणि निरीक्षकांपुढे पेन धरलं. "इथे सही करा."